दुकानदाराचा तोरा आणि श्रोत्याचा कान

माझे मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हाती पडल्यावर, ज्या गवयांना त्यांनी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात शाल पांघरून रात्र रात्र बसून ऐकले होते त्यांचे गाणे आता घरी बसून नीट ऐकता यावे, ही आयुष्यभर पुढे ढकललेली इच्छा पुरी करण्याकरिता ते मला बरोबर घेऊन मुंबईतल्या एका प्रशस्त, वातानुकूलित ध्वनिसाहित्याच्या दालनाची पायरी चढले. दारातच एका तरुण विक्रेत्याची नजर त्यांच्या चपलांवरून हातातल्या कापडी पिशवीकडे गेली आणि तो म्हणाला, "काका, ब्लूटूथवालं काही हवंय का? ते खाली, मोबाईलच्या काउंटरला मिळेल." मामांनी शांतपणे सांगितले की, दोन स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर असा संच पाहायचा आहे, आणि सोबत आणलेली एक सीडी त्यावर ऐकायची आहे. "सीडी आता कोण ऐकतं?" असे म्हणून त्याने बजेट विचारले, आणि चाळीस हजारांचा आकडा ऐकताच उत्तर दिले, "चाळीसमध्ये हाय-फाय होत नाही, काका. चाळीसची तर आमच्याकडे नुसती केबल आहे."

मामांनी सीडी पिशवीत परत ठेवली. पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, "आपल्याला त्यातलं काही कळत नाही, हे खरंच आहे रे." तंबोऱ्याची जवारी किंचित उतरली तरी ज्यांच्या कपाळावर आठी पडते, गवयाने निषाद केसभर चढा लावला तर जे मांडीवर टेकलेला हात उचलतात, त्या माणसाने एका विक्रेत्याच्या दोन वाक्यांपुढे आपल्या साऱ्या श्रवणावर पाणी सोडावे, याचे मला त्या दिवशी अतोनात दुःख झाले, आणि हा लेख त्या एका वाक्याला उत्तर म्हणूनच मी लिहीत आहे.

हा तोरा आजकालचा नाही. अमेरिकेत १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली आणि जेथे जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावत असे तेथे वीस-बावीस मिनिटे मावू लागली, तेव्हापासून घरच्या घरी यथामूल ध्वनी ऐकण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत फोफावला. आणि छंद म्हटला की त्याची परिभाषा आली, परिभाषेबरोबर तिचे जाणकार आले, आणि जाणकारांबरोबर, जे जाणत नाहीत त्यांच्याविषयीचा तुच्छताभावही आला. १९७९ ते १९८२ या काळात बीबीसीवर चाललेल्या 'नॉट द नाइन ओ'क्लॉक न्यूज' या विनोदी कार्यक्रमातला एक प्रवेश तिकडे अजूनही लोकांच्या स्मरणात आहे. एक प्रौढ गृहस्थ दुकानात येऊन 'ग्रामोफोन' मागतो, आणि या जुनाट शब्दासरशी दुकानातले तरुण विक्रेते त्याला पारिभाषिक प्रश्नांच्या भडिमाराने अगदी हतबुद्ध करून सोडतात. हा प्रवेश इतका गाजावा याचा अर्थ असा की, तो पाहणाऱ्या बहुतेकांनी तसा एखादा काउंटर स्वतः अनुभवलेला होता.

विक्रेता असे का वागतो, यापेक्षा आपण त्यापुढे का नमतो, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१४ साली डॅरेन डाल आणि मॉर्गन वॉर्ड या दोन संशोधकांनी 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. उंची मालाच्या दुकानात विक्रेत्याने झिडकारले की ज्या ग्राहकाला मनातून त्या वर्तुळात शिरायची आस असते त्याची त्या मालाविषयीची ओढ कमी होण्याऐवजी वाढते, आणि तो अधिक पैसे मोजायला तयार होतो. साध्या, सर्वसामान्यांच्या दुकानात मात्र असे घडत नाही, आणि उंची दुकानातही ही वाढलेली ओढ काही काळाने ओसरते. घराबाहेर काढले गेलेले मूल दारावर जसे अधिकच जोराने थापा मारते, तशीच ही वृत्ती आहे. म्हणून झिडकारले गेल्याच्या दिवशी काहीही विकत घेऊ नये, हा पहिला नियम. त्या दिवशी खिशातला हात आपला नसतो.

ध्वनिसाहित्याच्या बाबतीत या वृत्तीला आणखी एक गोष्ट साहाय्यभूत होते. साडीचा पोत बोटांना कळतो, आंब्याची जात नाकाला कळते. परंतु ध्वनी उमटता क्षणीच विरतो, आणि दोन ध्वनींमधले बारीक भेद स्मृतीत फार वेळ टिकत नाहीत, काही सेकंदांतच ते पुसट होऊ लागतात. त्यामुळे अर्ध्या तासापूर्वी ऐकलेल्या स्पीकरची आत्ताच्या स्पीकरशी रुजवात घालण्याची सोय उरत नाही, आणि साक्षीपुरावाच नाही अशा फिर्यादीत ज्याचा आवाज मोठा त्याचा दावा मंजूर होतो.

मोठ्या आवाजाची ही गोष्ट मी केवळ अलंकाराने म्हणत नाही. दोन स्पीकरांची तुलना चालू असता त्यांपैकी एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा यत्किंचितही मोठा असेल, इतका थोडा की तो 'मोठा' म्हणून जाणवूही नये, तर आपला कान त्याला मोठा न म्हणता 'अधिक स्पष्ट', 'अधिक भरदार', 'अधिक जिवंत' म्हणतो. याचे एक कारण फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिलेले आहे: मानवी कान सर्व स्वरांना सारखा संवेदनशील नसतो, आणि आवाज लहान असताना खालच्या सप्तकातले स्वर त्याला विशेषच कमी ऐकू येतात. आवाज थोडा वाढवला की खर्ज एकाएकी भरून येतो, आणि यंत्र सुधारले असा भास होतो. महाग यंत्राकडे वळताना ध्वनिनियंत्रकाची चकती बोटभर पुढे सरकवणे, मग ते हेतुपुरस्सर असो वा सवयीने, एवढ्यावर पुष्कळ विक्री होते. यावर उपाय अगदी सोपा आहे. आवाजाची डेसिबल पातळी दाखवणारे फुकट ॲप आता कोणत्याही मोबाईलवर मिळते. त्याचा आकडा प्रयोगशाळेच्या तोडीचा नसला तरी दोन यंत्रे एका पातळीवर आणण्यास तो सहसा पुरतो. बसण्याच्या जागी मोबाईल एकाच ठिकाणी ठेवून गाण्याचा तोच तुकडा वाजवावा, आणि "दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकवता का?" एवढेच विचारावे. ही विनंती केल्यावर विक्रेत्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

परिभाषेचे म्हणाल तर ती जितकी भेदक वाटते तितकी नाही. वॉटचेच घ्या. आपल्याकडे १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढे हजार-दोन हजारांचे आकडे छापलेले असत, आणि घरातल्या भिंतीवरच्या प्लगमधून ते यंत्र शंभर वॉटही ओढत नसे. क्षणभराच्या काल्पनिक शिखराचा तो आकडा होता, त्याला ठरलेले असे माप नव्हते. अमेरिकेत तर अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे तिथल्या व्यापार आयोगाला १९७४ साली नियम करून, सतत देता येणारी शक्ती कोणत्या अटींवर मोजली ते जाहीर करण्याचे बंधन घालावे लागले. तेव्हा आकडा विचारायचा तो सतत शक्तीचा, म्हणजे ज्याला बाजारात आरएमएस म्हणतात त्याचा. आणि तोही कळल्यावर दिपून जाऊ नये, कारण शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटावा इतका तो वाढवायचा तर शक्ती दसपट करावी लागते. पन्नास वॉटचा संच सोडून शंभर वॉटचा घेणाऱ्याने जास्तीचे मोल दिले ते त्या तीन डेसिबलांचे. साधारण स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतराशी ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो, आणि घरगुती खोलीत आपण ऐकतो ते बहुतेक संगीत सरासरी एका वॉटच्या आतच संपते. तबल्याची थाप किंवा तारसप्तकातली तान आली की तेवढ्या क्षणापुरती त्याच्या दहापट-वीसपट मागणी होते. बारा फुटांच्या खोलीत ख्याल ऐकणाऱ्याला याहून अधिक हिशेब करण्याचे कारण नाही.

केबलविषयी थोडक्यात सांगतो. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची साधी तार पाच मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा स्वतःचा आठ ओहम असतो, म्हणजे हा त्याचा शंभरावा हिस्सादेखील नाही. ज्या दुकानात चाळीस हजारांची केबल आहे तेथे तिच्यावरचा नफाही त्या मानाने असणार, आणि विक्रेत्याच्या पगारातला बराच भाग विक्रीवरच्या कमिशनचा असतो, हे ध्यानात ठेवले की तिचे माहात्म्य इतक्या हिरीरीने का सांगितले जाते ते उलगडते.

तरीही, "आम्हाला तर फरक ऐकू येतो," असे म्हणणारा विक्रेता दरवेळी खोटे बोलत असतो असे मी म्हणणार नाही. त्याला तो फरक खरोखर ऐकू येतो, कारण तो डोळ्यांनी ऐकत असतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत ज्यांनी स्पीकरांचा अभ्यास शास्त्रीय पायावर आणला ते फ्लॉइड टूल, आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह, यांनी १९९४ साली एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना झुकते माप मिळाले. पडद्याआड गेल्यावर गुणांचा क्रम बदलला. पुढे २००७ साली मेयर आणि मोरन या दोघांनी, सीडीपेक्षा सूक्ष्म म्हणून विकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणांची सीडीच्या दर्जाशी तुलना श्रोत्यांकडून, कोणते चालू आहे ते न सांगता, करून घेतली, तेव्हा ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे छाप-काटा करून जितके यावेत तितकेच. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारी ती 'जुनाट' सीडी, जिला पाहून त्या तरुणाने नाक मुरडले, ती निरोगी तरुण कानाच्या वीस हजार हर्ट्झच्या मर्यादेपर्यंतचे सारे काही पोटात घेऊन असते, आणि साठी उलटलेल्या माणसाचा कान तर त्याच्या बराच अलीकडे थांबलेला असतो. मामांची सीडी कोणत्याही अर्थाने उणी नव्हती.

स्पीकरांमधला फरक मात्र खरा असतो, पडद्याआडही ऐकू येणारा असतो, आणि तो ओळखण्याकरिता आपल्या संगीतासारखी कसोटी नाही. दुकानात ऐकवली जाणारी ध्वनिमुद्रणे दुकानाने निवडलेली असतात, यंत्राचे गुण दाखवणारी आणि दोष झाकणारी. म्हणून आपले, वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेले ध्वनिमुद्रण नेणे हा माझ्या मते या साऱ्या व्यवहारातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ज्या गाण्यातला श्वासन् श्वास आपल्याला ठाऊक आहे त्यात काय हरवले ते आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. आरंभीचा तंबोरा लक्षपूर्वक ऐकावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर असते. लहानशा डबीएवढ्या स्पीकरमधून हा मूळ कंप जवळजवळ निघतच नाही. परंतु त्याचे वरचे अंशस्वर ऐकून आपला मेंदूच तो खर्ज रचून घेतो, आणि म्हणून 'यातही खर्ज येतो की' असा भ्रम होतो. खरा खर्ज आणि रचलेला खर्ज यांतला भेद बायाँच्या मींडेत उघडा पडतो: मनगट दाबून वादक घुमारा वर चढवतो तेव्हा चांगल्या स्पीकरवर तो अखंड, एका ओघात चढतो, आणि वाईटावर मधेच कुठेतरी फुगतो किंवा खचतो. जवारीचे काम याच्या उलट टोकाचे. घोडीवर तार हलकेच घासून जे वरच्या अंशस्वरांचे तेज झरत राहते ते नुसते चुरचुरू लागले, किंवा सारे जणू गोधडीखाली गेले, तर त्या स्पीकरचा वरचा अर्धा भाग सदोष समजावा. ही परीक्षा घेण्याला इंग्रजी परिभाषेतला एकही शब्द लागत नाही.

खोलीचा विचार दुकानात कोणी बोलून दाखवत नाही, आणि तो तर अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा मोठा आहे. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये कोंडून घुमतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झचा; स्पीकर भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकवला की खर्ज आणखी फुगतो. दालनातल्या गालिचा अंथरलेल्या खोलीत जे ऐकले ते चाळीतल्या शहाबादी फरशीवर तसे ऐकू येणार नाही, म्हणून दोन दिवस घरी नेऊन ऐकण्याची मुभा जो देईल त्याच्याशी व्यवहार करावा, आणि नसेल देत तर परत घेण्याच्या अटी बिलावर लिहून घ्याव्यात. खोक्यावरची कमाल किरकोळ किंमत सर्व करांसहित असते, तीवर वेगळा कर लावता येत नाही. वस्तूचा दर्जा, मानक आणि किंमत यांविषयी माहिती मिळणे हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि फिर्याद करण्याची वेळ आलीच तर ती आता स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे करता येते.

विक्रेत्याची बाजूही आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. तासन् तास उभे राहून वीस जणांना ऐकवावे, आणि त्यांतल्या पंधरांनी मॉडेलचा क्रमांक टिपून घेऊन वस्तू इंटरनेटवरून मागवावी, हे ज्याच्या नित्य वाट्याला येते त्याच्या स्वभावात कडवटपणा यायचाच. म्हणून आपणही शनिवारच्या गर्दीत न जाता आठवड्यातली एखादी दुपार गाठावी, आधी फोन करून येण्याचे कारण सांगावे, आपली रक्कम न लाजता पहिल्याच वाक्यात उच्चारावी, आणि जेथे मन लावून ऐकवले गेले तेथे चार पैसे जास्त पडले तरी तेथूनच घ्यावे. उलट, रक्कम ऐकून जो तोंड फिरवतो त्याच्याशी हुज्जत घालू नये. "बरं, येतो" म्हणून निघावे. तेथे आपले ज्ञान सिद्ध करीत बसणे म्हणजे त्याच्याच कचेरीत त्याच्याच शिरस्त्याने सनद मागण्यासारखे आहे.

मामांना पुन्हा बाहेर काढायला मला तीन आठवडे लागले. या वेळी लॅमिंग्टन रोडच्या एका आडगल्लीतले, पहिल्या मजल्यावरचे छोटे दुकान होते. दोन खुर्च्या, भिंतीला टेकून उभी असलेली खोकी, आणि पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला मालक. मामांनी दारातच सांगितले, "चाळीस हजार आहेत. त्यात काय येईल ते ऐकवा, पण माझ्या सीडीवर." मालकाने सीडी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, स्वतःच्या रुमालाने मधून कडेकडे पुसली आणि यंत्रात घातली. तीन जोड्या त्याने आळीपाळीने लावल्या. आवाज सारखा करण्याची विनंती मी करण्यापूर्वीच त्याने खिशातून मोबाईल काढून तो मामांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला होता. पहिल्या जोडीला मामांनी मान हलवली नाही. दुसऱ्या जोडीवर तंबोरा सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने हलकेच म्हणाले, "इथे जवारी आहे." तिसरी जोडी अकरा हजारांनी महाग होती, तीही त्यांनी पूर्ण ऐकली, आणि दुसरीच पुन्हा लावायला सांगितली.

बिल करायला मालकाने वही ओढली, पण विलंबित संपून द्रुत सुरू झाले होते, तेव्हा त्याने ती तशीच बाजूला ठेवली आणि दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसला. गाणे संपल्यावर त्याने विचारले, "साहेब, हा मारवा ना?"

"पूरिया," मामा म्हणाले. "सूर तेच आहेत. पुन्हा लावा, सांगतो."